तबकडीतला षड्ज

कलकत्त्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवर, जुन्या तबकड्यांची दुकाने आहेत. तेथे एखादी मराठी नाट्यगीताची तबकडी हाती लागली, तर तिला परगावची समजण्याचे कारण नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेझबर्ग याने या शहरात गौहरजानचा आवाज मुद्रित केला, तेव्हा तबकड्या छापून येत जर्मनीतील हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला, पुढे तो दमदमला गेला. आणि मुंबई-पुण्याच्या गायकांची गाणीही लाखेच्या काळ्या वर्तुळात बद्ध होऊन बंगालमधूनच महाराष्ट्रात परतू लागली.

अशी तबकडी आज ऐकावयाची कशी? लाँगप्लेची बारीक सुई हिच्या रुंद चरात तळाशी जाऊन तेथला कचराच ऐकविते. येथे सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई हवी. ही अडचण पैशाने सुटते. गतीची मात्र सुटत नाही. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हा नियम पक्का झाला तो पुढे, विजेवर मुद्रण सुरू झाल्यावर. त्यापूर्वी कोणी सत्तरच्या जवळ मुद्रित करी, कोणी ऐंशीच्या. साडेत्र्याहत्तर फेऱ्यांवर घेतलेले गाणे अठ्ठ्याहत्तरवर लावले की पांढरी एकमधला षड्ज काळी एकवर चढतो, तान धावते, आणि तिशीच्या उंबरठ्यावरील गायिका पोरसवदा भासू लागते. साथीच्या पेटीवरून मूळ पट्टी शोधता येते खरी. पण त्या काळच्या सगळ्या पेट्या एका सुरात लावलेल्या होत्या थोड्याच! अखेर निवाडा जाणत्या कानालाच करावा लागतो. गाणाऱ्याचा श्वास कोठे स्वाभाविक वाटतो, शब्द कोठे माणसाच्या तोंडचे वाटतात, हे तो पाहतो.

काही रसिकांचा हट्ट याहून पुढचा असतो. त्यांना चावीचे यंत्र, कर्णा आणि पोलादी सुईच हवी. आजोबांनी ऐकले तसेच ऐकावयाचे. हा हट्ट जगावेगळा नव्हे. संगणकावरील जुन्या खेळांचे शौकीन १९८७ च्या ॲडलिब कार्डासारखी यंत्रे आजही शोधीत असतात, कारण त्या खेळांत ध्वनी साठविलेलाच नसे. कोणता सूर केव्हा काढावयाचा एवढीच आज्ञा असे, आणि नाद उमटे तो कार्डावरील यामाहाच्या चिपमधून. चिप बदलली की वाद्यच बदलले. पण या शौकिनांचे एक भाग्य असे की, कितीही वाजविले तरी खेळातील संगीत झिजत नाही. तबकडीचे तसे नाही. कर्ण्याच्या यंत्राची जड सुई प्रत्येक फेऱ्यात चराची थोडी लाख खरवडून नेते. जुने ऐकण्याचा हा अस्सल मार्ग त्या जुन्यालाच खातो. आणि एखाद्या गाण्याची एकच तबकडी उरली असेल, तर तिच्यावर हा शौक करणे निव्वळ उधळेपणाचे.

जादवपूर विद्यापीठात उत्तर हिंदुस्थानी संगीताचा ध्वनिसंग्रह उभा राहिला आहे. अशा कामात शहाणपणाची रीत एकच: हलक्या सुईने तबकडी एकदा वाजवून, खरखरीसकट, जशीच्या तशी उतरवून घ्यावयाची, गतीचा आकडा शेजारी टिपून ठेवावयाचा, आणि मग पट्टीचा काय वाद घालावयाचा तो नकलेवर घालावयाचा. उद्या एखाद्या तयार कानाने तो आकडा खोडून दुसरा लिहिला, तरी मूळ तबकडी पुन्हा यंत्रावर चढविण्याची गरज उरत नाही.