जामीन आणि मोबाइलचं लोकेशन

जामिनावर सुटलेल्या आरोपीनं आपण कुठं आहोत, हे पोलिसांना गूगल मॅपवर सतत दाखवावं का? दिल्ली उच्च न्यायालयानं अमली पदार्थांच्या एका खटल्यात तशी अट घातली होती. 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवणं, हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरतो.

अटकेची माहिती मात्र उघड असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 नुसार, अटक झालेल्यांचा तपशील पोलीस ठाण्यात लावावा लागतो. तारखेला हजर न राहिल्यास अटक वॉरंट निघू शकतं आणि ते तर बजावलं जाईपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत लागू राहतं. तेव्हा खटल्याची तारीख न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पाहत राहा आणि चुकवू नका.