पोषणतज्ज्ञाची जागा गावात



पोषणाच्या सार्वजनिक कार्यक्रमांत प्रशिक्षित पोषणतज्ज्ञाचे काम कोणते आणि ते कोठून व्हावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पोषणतज्ज्ञ या शब्दात दोन भूमिका सामावतात. रुग्णाचा आजार, वय आणि पचनशक्ती पाहून त्याचे पथ्य ठरवणारी व्यक्ती म्हणजे आहारतज्ज्ञ. आणि एखाद्या गावातील किंवा तालुक्यातील सर्व लोक काय खातात, कोणाला काय कमी पडते व ते का कमी पडते, याचा अभ्यास करून उपाय सुचवणारी व्यक्ती म्हणजे सार्वजनिक पोषणतज्ज्ञ. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याने या दोहोंना आरोग्यव्यवसायात स्थान दिले. तथापि कायद्याच्या अनुसूचीत मिळालेले स्थान गावाच्या व्यवहारात अजून उतरलेले नाही.

कार्यक्रमांची उणीव आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्यातूनच अंगणवाडी उभी राहिली. शाळेतील मध्यान्ह भोजनाची केंद्रीय योजना १९९५ मध्ये आली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये अंगणवाडीतील पूरक आहार हा बालकाचा हक्क ठरवला आणि सर्वसाधारण बालकासाठी रोज ५०० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे त्याचे मापही निश्चित केले. महाराष्ट्राने तर २००५ मध्येच राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू करून देशातील राज्यांना वाट दाखवली होती. वयाच्या मानाने उंची कमी राहणे, म्हणजे खुंटलेली वाढ, हे दीर्घकाळच्या कुपोषणाचे लक्षण होय. राज्यातील पाच वर्षांखालील अशा बालकांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मधील ४६.३ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले, ही लहान कामगिरी नव्हे. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५.२ टक्के, म्हणजे जवळपास तेथेच थबकलेले दिसले. उंचीच्या मानाने वजन कमी असणे, म्हणजे कृशता, २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही पाहण्यांत २५.६ टक्के इतकीच राहिली. आणि १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेला. शिधा पोहोचत असताना आणि वजनांची नोंद होत असताना आकडे थबकतात, तेव्हा त्या नोंदींचा अर्थ लावून उपाय बदलणारे माणूस कार्यक्रमात आहे काय, हा प्रश्न विचारावाच लागतो.

हा प्रश्न बारामती तालुक्यातील लोणी भापकर या गावाच्या संदर्भात विचारला, तर त्याचे स्वरूप स्पष्ट होते. पुष्करिणी आणि यज्ञवराहाच्या शिल्पासाठी परिचित असलेले हे गाव तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, म्हणजे पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या भागात येते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेली बागायत आणि ही जिरायत एकाच तालुक्यात असली, तरी त्यांच्या पोषणाचे प्रश्न एक नाहीत. जिरायतीत बाजरी, ज्वारी, मटकी व हुलगा ही पिके आजही ओळखीची आहेत, पण पाऊस हुकला की घरातील धान्याबरोबर भाजीपालाही आटतो. बागायतीत आणि उजनी धरणाच्या पाण्याने बदललेल्या इंदापूर तालुक्यात उसाचा पैसा आला, मात्र कडधान्याची जागा उसाने घेतली. दुभती जनावरे दोन्हीकडे आहेत. परंतु डेअरीला घातलेल्या दुधातून घरातील गरोदर सुनेच्या वाट्याला किती उरते, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. शिवाय माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे बीडसारख्या जिल्ह्यांतून येथे येतात, तेव्हा त्यांची बालके आपल्या गावच्या अंगणवाडीपासून दुरावतात आणि येथील अंगणवाडीच्या पटावर सहज येत नाहीत. एकाच परिसरात अशा तीन वेगळ्या गरजा असताना तिन्ही ठिकाणी एकच पाकीट आणि एकच सल्ला पुरा पडणे शक्य नाही.

पाकिटातील ऊर्जेचे माप एकटे पुरेसे नसते, हे पुणे जिल्ह्यातीलच एका अभ्यासाने शास्त्रीय पातळीवर दाखवून दिले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. ती इंग्लंडमधील बालकांपेक्षा पुष्कळ कृश होती, पण त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने टिकून होती. पुढील आयुष्यात मधुमेहाकडे नेणारी वाट गर्भातच सुरू होऊ शकते, हा विचार या अभ्यासाने पुढे आणला. मातेने एकूण किती ऊर्जा घेतली याच्याशी बालकाच्या आकारमानाचा ठळक संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके मात्र अधिक भरलेली होती. सूक्ष्म पोषकद्रव्ये, म्हणजे अगदी अल्प प्रमाणात लागणारी पण वाढीला अनिवार्य असणारी जीवनसत्त्वे व खनिजे, किती निर्णायक ठरतात हे यावरून कळते. पोट भरले म्हणजे पोषण झाले, ही समजूत कुटुंबातून आणि कार्यक्रमातूनही दूर करणे हे म्हणूनच पोषणतज्ज्ञाचे काम ठरते.

या कामाची पहिली पायरी मोजमाप वाचण्याची आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजले जाते, हे अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते आणि ती ते निष्ठेने नोंदवते. परंतु एखाद्या वाडीतील पाच बालकांचे वजन एकाच महिन्यात का घटले, त्यामागे जुलाब आहेत, पिण्याचे पाणी आहे की खुरपणीच्या दिवसांत आई दिवसभर शेतावर असल्यामुळे चुकलेले भरवणे आहे, हे शोधण्यासाठी वेगळे शिक्षण लागते. नोंद आणि पोषण, पूर्वप्राथमिक शिक्षण, गृहभेटी असा सारा भार वाहणाऱ्या सेविकेवर हेही काम टाकणे अन्यायाचे होईल.

दुसरी पायरी गावच्या अन्नातून उपाय काढण्याची आहे. सहाव्या महिन्यानंतर बालकाचे उष्टावण थाटाने होते, पण त्यानंतर कित्येक घरांत त्याला वरणाची नुसती निवळ पाजली जाते. तिने पोट भरल्यासारखे वाटते, मात्र डाळीचा सत्त्वांश भांड्याच्या तळाशीच राहतो. घट्ट वरण, मऊ भात आणि त्यावर तुपाची धार, किंवा बारीक कुस्करलेली भाकरी व दूध, हा बदल विकत आणावा लागत नाही. लोह अधिक असलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागाने विकसित झालेला आहे आणि तो जिरायती शेतातून थेट भाकरीत येऊ शकतो. शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ, मोड आलेली मटकी, जेवणासोबत लिंबाची फोड, आणि लोहाचे शोषण अडवणारा चहा जेवणापासून दूर ठेवणे, हे सारे सांगण्यासाठी पोषणतज्ज्ञाला कृषी विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान तज्ज्ञाबरोबर आणि बचत गटांतील स्त्रियांबरोबर बसावे लागेल.

तिसरी पायरी ऐकण्याची आहे. गरोदरपणात १८० दिवस घ्यावयाच्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटल्या जातात; परंतु मळमळ किंवा काळी शौच झाल्याने घाबरून त्या बंद केल्या गेल्या, हे त्या स्त्रीने विश्वासाने सांगितले तरच पुढचा मार्ग निघतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडच्या अवर्षणग्रस्त भागात जो आरोग्यप्रकल्प उभारला, त्याचे बळ अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांवर टाकलेल्या विश्वासात होते. त्यांनाच आरोग्य सेविका म्हणून घडवून, पाणी, अन्न आणि बालसंगोपन यांचा एकत्र विचार तेथे झाला. तज्ज्ञाने शिकवावे तसेच गावाकडून शिकावे, हा जामखेडचा धडा लोणी भापकरलाही तितकाच लागू आहे.

आजच्या व्यवस्थेत आहारतज्ज्ञ भेटतो तो बहुधा रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे तीव्र कुपोषित व आजारी बालकांवर दाखल करून उपचार करणाऱ्या विभागात. बालक तेथे पोहोचेपर्यंत वाढीचे मोलाचे महिने निघून गेलेले असतात. म्हणून प्रत्येक बालविकास प्रकल्पाच्या स्तरावर एक पूर्णवेळ सार्वजनिक पोषणतज्ज्ञ असावा. पोषणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात किमान एक पूर्ण हंगाम गावातील अंगणवाडीशी जोडलेला असावा. स्थलांतरित बालकाची नोंद व आहाराचा हक्क त्याच्याबरोबर कारखान्याच्या तळापर्यंत जावा. आणि बालकांच्या आहाराबाबत सल्ला देणाऱ्याने अन्नपदार्थ विकणाऱ्यांच्या लाभापासून स्वतःला दूर ठेवावे, अशी या व्यासपीठाची मागणी असावयास हवी.

शासनाकडे मागणी करताना व्यवसायानेही आपला शब्द दिला पाहिजे. येथे जमलेल्या प्रत्येक पोषणतज्ज्ञाने येत्या वर्षासाठी एक अंगणवाडी आपली मानावी, महिन्यातून एकदा तेथे जाऊन सेविकेसोबत वजनाचे रजिस्टर उघडावे, घसरलेल्या प्रत्येक वजनामागचे घर गाठावे आणि त्या घरातील चुलीजवळ बसून, तेथे जे शिजते त्यातूनच उत्तर शोधावे, एवढे या अध्यक्षपदावरून नम्र आवाहन आहे.