फिरतीवरचे जेवण

औषध कंपनीचा एमआर, बँकेचा तपासनीस, यंत्र दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ, अशा फिरतीवरच्या माणसांची जेवणाची सोय महाराष्ट्रात मुख्यतः खानावळीने केली. खानावळ निघालीच मुळी घर सोडून कामाला आलेल्यांसाठी. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर जेवत आणि त्यांना जेवू घालणाऱ्या बहुतेक बायकाच असत. अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. माटुंग्यात नोकरदारांना दाक्षिणात्य जेवण देणारे रामा नायक यांचे बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे.

गावचा धंदा कोणता, यावर तिथल्या जेवणाची चव बरीचशी ठरते. नागपूरचे सावजी जेवण हलबा कोष्टी या विणकर समाजाचे. जवसाच्या तेलाची जुनी पद्धत, भाजून वाटलेला काळपट मसाला आणि झणझणीत तर्री ही त्याची ओळख. आज नागपुरात सावजी भोजनालयांच्या पाट्या जागोजाग दिसतात. पण पाटीवर सावजी लिहिले म्हणून आतला मसाला तोच असतो असे नाही. कोल्हापुरात मटणाचे ताट मागवले की सुके मटण आणि भाकरीबरोबर दोन वाट्या येतात. एकीत लाल तिखटाचा तांबडा रस्सा, दुसरीत मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस आणि तीळ घातलेला पांढरा. अनेक ठिकाणी रस्सा मागावा तेवढा मिळतो. पांढरा आधी पिऊन संपवावा आणि तांबड्याबरोबर भाकरी चुरावी, असा जाणत्यांचा क्रम. जळगावकडे शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी, तर सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ही ताटाची मुख्य बाजू.

कुठे जेवायचे याइतकेच कधी जेवायचे हेही कळावे लागते. मिसळ आणि तर्री पोहे ही सकाळची खाणी. चालत्या गाड्यावरचा कट दुपारपर्यंत तळाला जातो. सोमवार, गुरुवार आणि शनिवार अनेक घरांत वशट होत नाही, त्यामुळे मटणाच्या खानावळीत खरी गर्दी बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी भजी आणि शेव-जिलबीची पाले लागतात. किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते. त्या काळात ताज्या सुरमईच्या ताटाचा आग्रह धरण्यापेक्षा सुकट, सुके बोंबील किंवा खाडीची मासळी मागवणे शहाणपणाचे.

संध्याकाळच्या बारला कायद्याची चौकट आहे. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून दारू पिणाऱ्याला परवाना लागतो आणि परमिट रूम हे नाव त्यातूनच रुळले. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, कडक दारूसाठी २५ ची. जिल्हा बदलला की नियमही बदलतो. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे त्या वर्ध्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. २ ऑक्टोबर हा कोरडा दिवस तर राज्यभर, आणि जिथे मतदान असेल तिथे त्याआधीचे दिवसही कोरडे. तालुक्याच्या परमिट रूमची परीक्षा तिच्या चखण्यावर होते. शेंगदाणे, चकली, मूग, उकडलेली अंडी हे सर्वत्र सारखेच. स्वतःचे स्वयंपाकघर असलेल्या बारमध्ये मात्र सुके मटण किंवा तळलेली मासळी त्या भागाच्या मसाल्यात मिळते.

गोव्यात मात्र गावागावात तावेर्न, म्हणजे छोटेखानी बार, आहे. काजूच्या बोंडांच्या रसाच्या पहिल्या भट्टीची उराक उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांपुरतीच मिळते, कारण ती टिकत नाही. पुन्हा गाळून केलेली कडक फेणी वर्षभर असते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुपारी कामावरची माणसे शीत-कढीच्या, म्हणजे भात आणि मासळीच्या आमटीच्या ताटाला बसतात, आणि रस ऑम्लेटचे गाडे दिवेलागणीनंतर लागतात.

नव्या गावात चांगले हॉटेल कुठे आहे असे विचारले, तर बहुधा हमरस्त्यावरच्या एसी फॅमिली रेस्टॉरंटचा पत्ता मिळतो. तिथली पनीरची भाजी लातूरलाही तीच आणि रत्नागिरीलाही तीच. दुकानदाराला, रिक्षावाल्याला किंवा एसटीच्या वाहकाला 'तुम्ही स्वतः कुठे जेवता?' असे विचारावे, म्हणजे खानावळीचा पत्ता मिळतो. दुपारी एकच्या सुमाराला ज्या बाकांवर गावातलीच माणसे रोजच्या सवयीने बसलेली असतात, तिथे अन्न ताजे असते आणि भाव वाजवी असतो.