पोर्टफोलिओतलं काढून टाकलेलं पान

(जयपूरच्या सी-स्कीममध्ये आर्किटेक्चरच्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



तुम्ही अभ्यास सहलीला आलात. सकाळी १७२७ मध्ये वसवलेल्या जुन्या शहराचे सरळ रस्ते पाहिलेत, दुपारी चार्ल्स कोरियांचं जवाहर कला केंद्र. आता आपण सी-स्कीममध्ये बसलोय. इथून जवळच राजस्थान उच्च न्यायालय आहे. त्याच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. बाबासाहेबांचा पुतळा आहे बाहेर, चौकात. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या महाराष्ट्रातून आलेल्या दोन महिलांनी मनूच्या पुतळ्याला काळं फासलं होतं.

हे सांगायचं कारण, आत कोण आणि बाहेर कोण हे नकाशाच ठरवतो. जुन्या शिल्पशास्त्रात कोणत्या वर्णानं गावात कुठं राहायचं ते लिहून ठेवलंय. आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर का, हे तुम्हाला शिकवायला नको. एम.आर्क.चं कॉलेज निवडतानाही असाच नकाशा वाचायचा असतो.

तुमच्यातल्या काहींनी विचारलं, 'सर, माझ्या डिझाइनच्या स्टाइलला कोणतं कॉलेज बरं?' मी उलट विचारतो, ती स्टाइल तुमचीच आहे कशावरून?

माझं सांगतो. वडील गवंडी. बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षी हाउसिंगच्या प्रोजेक्टमध्ये मी प्रत्येक घरापुढं ओटा काढला. आमच्याकडं भाजी निवडणं, पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचं झोपणं, सगळं ओट्यावरच. ज्युरीत एक जण म्हणाले, 'यात कन्सेप्ट कुठाय? ही तर झोपडपट्टी.' सगळे हसले. पुढच्या सेमिस्टरपासून मी वळणदार काचेच्या इमारती काढायला लागलो. मार्क वाढले. हीच आपली स्टाइल असं धरून मी त्या पद्धतीचं एम.आर्क. कॉलेज निवडलं. तिथलं सगळं काम महागड्या कॉम्प्युटरवर. माझा लॅपटॉप मॉडेल उघडतानाच बंद पडायचा. एक वर्ष गेलं, घरच्यांनी उसने काढलेले पैसे गेले. तेव्हा कळलं, हसण्याला घाबरून काढलेली रेघ मी माझी समजत होतो. पुन्हा अर्ज केला तो हाउसिंगसाठी, आणि पोर्टफोलिओचं पहिलं पान त्या ओट्याचं ठेवलं.

राजगृह आठवा. दादरच्या त्या घराच्या आराखड्यात बाबासाहेबांनी स्वतः लक्ष घातलं. वरचा मजला ग्रंथालयाला दिला. घराचं रूप पुस्तकांच्या गरजेतून आलं. तुमची रेघ कोणत्या गरजेतून येते, ते आधी शोधा.

मग शाखा बघा. दिल्लीच्या एसपीएमध्ये अर्बन डिझाइन, वास्तुसंवर्धन, लँडस्केप यांचे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. अहमदाबादचं सेप्ट बाळकृष्ण दोशींनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून वाढलं. तिथं स्टुडिओला फार महत्त्व. ज्याचं मन वस्ती, रस्ता, बाजार यांत रमतं त्यानं हाउसिंग किंवा अर्बन डिझाइन बघावं. चुना, दगड, लाकडाचे सांधे कळत असतील तर संवर्धन. गवंड्या-सुतारांच्या घरात हे ज्ञान लहानपणीच कानावर पडतं. ते लपवू नका.

माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. मागच्या तीन वर्षांच्या थिसिसचे विषय मागा. स्टुडिओला जागा कोणती देतात? सफाई कामगारांची वसाहत कधी देतात, की दरवर्षी रिसॉर्टच? शिकवणाऱ्यांनी स्वतः काय बांधलंय?

हॉस्टेलमधल्या आपल्या मुलामुलींना गाठा. ज्युरीत आडनावावरून, रँकवरून बोलतात का? एससी-एसटी सेल चालतो, की नुसता बोर्ड आहे? मॉडेल आणि प्रिंटला महिन्याला किती लागतात? हे फक्त तेच सांगतील.

आता पैसा. गेटमध्ये आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा स्वतंत्र पेपर असतो, एससी-एसटीला शुल्कात सवलत असते. एसपीए, आयआयटीसारख्या संस्थांत गेटवरून प्रवेश घेणाऱ्यांसाठी दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती राहिली आहे. तुमच्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे संस्थेकडून लेखी घ्या.

परदेशी जायचं असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. पण २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यासाचे विषय त्यातून वगळले. म्हणजे आपल्याच लेण्यांचा, आपल्याच वस्त्यांचा अभ्यास तिकडं करायचा तर हे पैसे मिळणार नाहीत. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे नियम वेगळे आहेत. विषय ठरवण्याआधी दोन्हींचे नियम वाचा, नाहीतर पत्र हातात येऊनही विमान चुकेल.

शेवटी एक काम देतो. ज्युरीत कुणी हसलं म्हणून तुम्ही पोर्टफोलिओतून एखादं पान काढून टाकलं असेल. आज रात्री ते शोधा. अर्ज त्या पानापासून सुरू करा. ते पान समजून घेणारा मास्तर जिथं असेल, ते कॉलेज तुमचं.

जय भीम.