पापणी पडलेली दिसली, तर आधी नजर तपासा



बाळाच्या फोटोत एक डोळा अर्धवट मिटलेला दिसतो.
घरचे म्हणतात, झोपाळू आहे, होईल मोठेपणी नीट.
बहुधा तसं होत नाही.

पापणी उचलणारा एक छोटा स्नायू असतो.
तो जन्मतःच कमकुवत असला, की पापणी खाली राहते.
ती बाहुलीवर आली, की त्या डोळ्याला नीट दिसत नाही.
मग मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो.
यालाच आळशी डोळा म्हणतात.
म्हणून आधी नजर तपासून घ्या.

मूल टीव्ही बघताना हनुवटी वर करतं का?
कपाळाला आठ्या घालतं का?
ती सवय नव्हे, हो.
पापणीखालून बघायची ती धडपड असते.

यावरच्या शस्त्रक्रियेत पापणी उचलणारा तो स्नायू आखूड करून घट्ट करतात.
त्यात जोरच नसेल, तर पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात.
मुलांना पूर्ण भूल देतात.
मोठ्यांना बहुतेक वेळा तेवढ्या जागेची भूल पुरते.
मध्येच डॉक्टर डोळा उघडायला सांगतात,
आणि दोन्ही पापण्यांची उंची जुळवतात.

मोठेपणी पापणी संध्याकाळी जास्त पडते?
मग आधी स्नायूंच्या आजाराची तपासणी हवी.
अचानक पडली, एकाचे दोन दिसू लागले,
तर लगेच रुग्णालय गाठा.

पुन्हा सांगते, मुलाची नजर आधी तपासा.
शस्त्रक्रिया कधी करायची, ते त्यावरही ठरतं.

शस्त्रक्रियेनंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहू शकतो.
घाबरू नका.
डॉक्टरांनी दिलेलं रात्रीचं मलम मात्र चुकवू नका.