भांडण चव्हाट्यावर येऊ द्या
(जिल्हा बैठकीतील भाषण)



निवडणूक जवळ आली की गावोगाव एक वाक्य ऐकू येतं, 'घरातलं भांडण घरातच मिटवा.' एकाच पक्षाचे दोन इच्छुक एकमेकांबद्दल बोलू लागले की वरून निरोप येतो, तोंडं बंद. तिकीट मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं. मग काल ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच्याच गळ्यात हार घालायला कार्यकर्ता धावतो. यालाच पक्षशिस्त म्हणतात. आम्हाला आज याच्या उलट सांगायचं आहे. त्यासाठी दाखला पार अमेरिकेतला, पण मक्याच्या मुलखातला आहे.

तिकडे उमेदवार कोण, हे पक्षाचे साधे मतदार ठरवतात. राज्याराज्यांत पक्षाच्या आतली निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. आयोवा राज्यात रिपब्लिकन पक्ष त्याऐवजी सभा भरवतो, तिचं नाव कॉकस. ऐन थंडीत, संध्याकाळी, लोक शाळेत नाहीतर चर्चमध्ये जमतात. एकेका इच्छुकाच्या बाजूनं कुणीतरी उभं राहून बोलतं, आणि मग चिठ्ठीवर नाव लिहून मत द्यायचं. आपल्या ग्रामसभेसारखंच म्हणा, फक्त कोरमच्या सह्यांसाठी घरोघर वही फिरत नाही.

आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं. अमेरिकेत सगळ्यात जास्त मका तिथे पिकतो आणि सगळ्यात जास्त इथेनॉलही तिथेच होतं. २००५ साली कायदा झाला आणि २००७ साली तो वाढवला, की तेल कंपन्यांनी दरवर्षी ठरावीक जैवइंधन मिसळलंच पाहिजे. म्हणजे मक्याला कायद्यानं बांधून दिलेलं गिऱ्हाईक. त्यामुळे रिवाजच पडला. आयोवात मत मागायला येईल त्यानं आधी इथेनॉलला हात जोडायचे, मग पुढचं बोलायचं.

२०१६ साली टेड क्रूझ नावाच्या गड्यानं हा रिवाज मोडला. हा टेक्सासचा सिनेटर, म्हणजे तेलाच्या राज्यातला. सक्तीचा कायदा पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवा, असं तो म्हणत होता. तेल, वारा, ऊन, मका, सरकारनं कुणालाच झुकतं माप देऊ नये, हा त्याचा युक्तिवाद. मग काय, त्याच्याच पक्षातले त्याच्यावर तुटून पडले. डोनाल्ड ट्रम्पनी त्याला तेलवाल्यांचा माणूस ठरवला. राज्याचे गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड, तेही त्याच पक्षाचे. त्यांनी मतदानाच्या पंधरवडाभर आधी उघड सांगितलं, क्रूझ पडलाच पाहिजे. (गव्हर्नरांचा मुलगा इथेनॉलच्या बाजूनं प्रचार करणाऱ्या संघटनेत होता. हे वाचून आम्हाला अगदी घरच्यासारखं वाटलं.)

क्रूझनं त्याच जानेवारीत तिथल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. सक्ती २०२२ पर्यंत हळूहळू काढा, पण जास्त इथेनॉल मिसळायला आडवे येणारे सरकारी नियमही काढा, आणि मक्याला तेलाशी खुल्या बाजारात लढू द्या. विरोधक म्हणाले, बघा, रंग बदलला. खरं कोण, खोटं कोण, हा निवाडा आम्ही इथे बसून करणार नाही. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. महिनाभर आयोवाच्या शेतकऱ्यासमोर त्याच्याच पिकाचा प्रश्न उलटासुलटा झाला. कायदा गेला तर भाव काय राहील? सरकारी नियमानं मक्याचा हात धरलाय की पाय? सगळेच हात जोडत होते तोवर हे प्रश्न विचारायचं कुणालाच कारण नव्हतं.

१ फेब्रुवारीला निकाल लागला. क्रूझ २७.६ टक्के, ट्रम्प २४.३, मार्को रुबियो २३.१. म्हणजे इथेनॉलला हात न जोडणारा इथेनॉलच्या राज्यात पहिला आला. इतर कारणं होतीच. चर्चला जाणारा मतदार त्याच्या मागे होता. पण मक्यावाल्यांचे मत ठरलेले, हा समज मोडला.

घाणही बरीच झाली, ती लपवत नाही. त्याच संध्याकाळी क्रूझच्या माणसांनी बेन कार्सन हा इच्छुक मैदान सोडतोय अशी आवई उठवली. क्रूझला माफी मागावी लागली. मे महिन्यात क्रूझनं ट्रम्पना खोटं बोलायचा रोग जडलाय असं म्हटलं, आणि त्याच रात्री हरून घरी गेला. जुलैच्या अधिवेशनात ट्रम्पना पाठिंबा न देता 'सदसद्विवेकानं मत द्या' म्हणाला, तेव्हा त्याच्याच पक्षाच्या लोकांनी हुर्यो उडवली. आणि सप्टेंबरात? ट्रम्पनाच मत देणार म्हणून जाहीर केलं. नोव्हेंबरात आयोवा ट्रम्पनी जिंकलं. शिव्या इतक्या लवकर विरतात. धोरणाचा वाद मात्र विरला नाही. २०१७ साली आयोवाचे कृषिमंत्री बिल नॉर्थी यांची केंद्रातली नेमणूक क्रूझनं याच इंधनाच्या कायद्यावरून कित्येक महिने अडवून धरली. २०१८ च्या फेब्रुवारीत ती सुटली.

कुणी म्हणेल, घरच्यांनी दिलेला दगड शत्रू उचलतो. उचलतो, खरं आहे. १९८८ साली अल गोर यांनी आपल्याच पक्षाच्या मायकेल डुकाकिसना कैद्यांच्या सुट्टीवरून जाहीर वादात प्रश्न टाकला. पुढे बुश यांच्या बाजूनं त्याच विषयाचं हत्यार केलं आणि डुकाकिस पडले. पण याच थोरल्या बुश यांनी १९८० साली रेगनच्या अर्थकारणाला भगतगिरीत काढलं होतं, आणि वर्षअखेर ते रेगनचेच उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. बोलल्यानं घर मोडतंच असं नाही.

आपल्याकडे हा प्रयोग झाला नाही असंही नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं वर्धा आणि लातूरला उमेदवार पक्षांतर्गत मतदानानं निवडले. मत होतं ते पदाधिकाऱ्यांना. कापूस-सोयाबीनवाल्या साध्या मतदाराला त्यात बोलायला जागा नव्हती. दोन्ही उमेदवार पडले आणि प्रयोगाचं नाव कुणी काढेना.

आता आपलं इथेनॉल घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. मधल्या काळात लोकसभा झाली. एकाच पक्षाचे दोन इच्छुक तुमच्या गावात समोरासमोर उभे राहून या बंदीवर भांडलेले कुणी पाहिलेत? हात वर करा.

नाही ना? मग पुढच्या वेळी दोघांनाही एकाच दिवशी, एकाच पारावर बोलवा. आधी उसाचं विचारा, मग कांद्याच्या निर्यातबंदीचं, आणि एकाचं उत्तर झालं की दुसऱ्याला म्हणा, यांचं कुठं चुकतंय ते सांगा. एकानं वहीत तारीख टाकून लिहून घ्यावं. चहा आपण देऊ.