‘आम्ही’ आणि ‘आपण’

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात मिठबाव येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनात जमाखर्च वाचला जावा, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावा आणि शेवटी कोणा वडीलधाऱ्याने उपदेशाचे दोन शब्द बोलावेत, असा आपला परिपाठ आहे. आज उपदेशाऐवजी एका अभ्यासविषयाची तोंडओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे. आपली काही मुले महाविद्यालयात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय घेतात, तेव्हा ‘त्याने पोट भरते काय?’ असा प्रश्न घरात निघतो. पोटाचा विचार ज्याने त्याने करावा. परंतु आज आपण सारे येथे एकत्र का जमलो, याचा उलगडा हीच दोन शास्त्रे करतात.

मानसशास्त्र व्यक्तीचे मन आणि वर्तन यांचा विचार करते. समाजशास्त्र माणसामाणसांतील संबंधांचा. दोहोंचा पहिला सिद्धांत असा की, माणूस पुष्कळसे शिकून होतो. रशियातील शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी दाखवून दिले की, अन्न देण्यापूर्वी ठराविक आवाज वारंवार ऐकविला, तर पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते. यास ‘अभिसंधान’ म्हणतात. चार वर्षांचे मूल शेजारच्या घरी घावन खाताना त्या घराची जात विचारीत नाही. घरी परतल्यावर आजीच्या कपाळास आठी पडते, आणि तो धडा कोणी तोंडाने न सांगताही मुलास पाठ होतो. समाजाच्या चालीरीती अशा रीतीने अंगी मुरणे, यास ‘सामाजीकरण’ ही संज्ञा आहे. प्रीती जशी शिकविली जाते, तशी किळसही शिकविली जाते.

दुसरी संज्ञा ‘भूमिका’. ती समजण्यास आपल्या दशावताराहून चांगले उदाहरण नाही. ‘रात्री राजा, सकाळी डोकीवर बोजा’ ही म्हण आपण जाणताच. मुंबईच्या कचेरीत साहेबापुढे मान लववून उभा राहणारा चाकरमानी चतुर्थीस गावी आला की घरचा कर्ता होतो. माणूस तोच, भूमिका निराळी. भूमिकेच्या जोडीला ‘दर्जा’ येतो. राल्फ लिंटन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९३६ साली त्याचे दोन प्रकार सांगितले. जन्माने लाभतो तो अर्पित, स्वतःच्या कर्तृत्वाने मिळतो तो अर्जित. आडनाव हा पहिला प्रकार, परीक्षेतील यश हा दुसरा.

आता ज्ञातीकडे वळू. या देशात समाजशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांतील अग्रणी डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे १८९३ साली आपल्या शेजारच्या मालवणात जन्मले, ही आम्हां किनारपट्टीच्या लोकांस अभिमानाची गोष्ट होय. केंब्रिजहून विद्या संपादून आल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा १९२४ ते १९५९ अशी पस्तीस वर्षे वाहिली. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी जातिसंस्थेची लक्षणे सांगितली : समाजाचे खंड, उच्चनीचता, रोटीव्यवहाराचे निर्बंध, काहींस अधिकार तर काहींस मज्जाव, व्यवसायाची बंधने आणि बेटीव्यवहाराची मर्यादा. त्यापूर्वीच, १९१६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात जातीचे मर्म बेटीबंदीत दाखविले होते.

घुर्ये यांनी आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचाही परामर्श घेतला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, सहकारी गृहसंस्था यांचे लाभ ज्ञातीपुरते राहिले, म्हणजे जातिभावना क्षीण न होता उलट बळावते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्याच मुलखातील विद्वानाचा हा इशारा आपल्याच संमेलनात ऐकविणे आम्ही कर्तव्य समजतो.

मग ज्ञातिसंघ मोडावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. गिरणगावाच्या चाळीतील एकेका खोलीत गावकरी भाऊबंद दाटीवाटीने राहिले, त्यांनी एकमेकांची आजारपणे काढली, एकमेकांस नोकऱ्या लावून दिल्या. आपलेपणाचा तो आधार नसता तर कोकणी माणूस मुंबईत उभा राहता ना. दोष ‘आम्ही’ म्हणण्यात नाही. ‘आम्ही’ म्हणताना ‘ते’ निर्माण होतात, तेथे दक्षता हवी.

याविषयी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात सुमारे अकरा वर्षे वयाच्या बावीस मुलांचे शिबिर भरविले. मुले एकाच वर्णाची, एकाच धर्माची, सारख्याच घरांतली. त्यांचे दोन गट करून त्यांच्यांत चुरशीचे सामने लावताच थोड्याच दिवसांत शिवीगाळ आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. नुसते एका पंक्तीस बसविल्याने वैर शमले नाही; पंक्तीतच अन्नाची फेकाफेक झाली. पुढे पाण्याचा पुरवठा अडला, तेव्हा दोन्ही गट मिळून त्याच्या शोधास लागले. अन्न आणावयाची मोटार अडून बसली, तेव्हा रस्सीखेचीच्याच दोराने सर्वांनी मिळून ती ओढली. अशी कामे एकामागून एक होत गेली, तसे वैर ओसरले.

ज्या दोराने मुले एकमेकांविरुद्ध ओढीत होती, त्याच दोराने ती एका बाजूस ओढू लागली. किनाऱ्यावर ज्यांनी रापण ओढलेली पाहिली आहे, त्यांस याचा अर्थ विशद करावयास नको. दोराला किती हात लागले, यावर जाळे किनाऱ्यास येते.

म्हणून एक सूचना मांडतो. संघाच्या शिष्यवृत्त्यांपैकी तिसरा हिस्सा यंदापासून मिठबावातील कोणत्याही जातीच्या गरजू विद्यार्थ्यास खुला असावा. दात्यांनी पैसा ज्ञातीसाठी दिला, हा आक्षेप आम्ही जाणतो, आणि तो क्षुल्लक नाही. यास्तव जुन्या निधीस हात न लावता हा हिस्सा नव्या वर्गणीतून काढावा, आणि वर्गणी देणाऱ्यास ते आधी स्पष्ट सांगावे. आपल्या मुलांच्या तोंडचा घास काढला जाणार नाही. पंगतीस पाटच काय ते वाढतील.

मराठी भाषेने ऐकणाऱ्यास वगळण्यासाठी ‘आम्ही’ आणि सामावून घेण्यासाठी ‘आपण’ असे दोन शब्द आपल्या हाती दिले आहेत. पुष्कळ भाषांत हा भेद नाही. ज्ञातीने आम्हांस ‘आम्ही’ म्हणावयास शिकविले, हे तिचे ऋण आहे. ‘आपण’ या शब्दात साऱ्या गावास घ्यावयाचे की नाही, हे मात्र या सभेने ठरवावयाचे आहे. ठराव लेखी स्वरूपात कार्यवाहांकडे दिला आहे. सभेने त्यावर मोकळेपणाने चर्चा करावी, विरोध असल्यास तोही मांडावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.